मागच्या सीटवरची मूठ

२ जुलै २०१६, शनिवार

पोचलो. सिंगापूरच्या चांगी विमानतळावर मामा बर्म्युडा आणि चपला घालून घ्यायला आला होता, आणि त्याने टॅक्सीत बसेपर्यंत, बसल्यावर, उतरेपर्यंत कॉलेजचं नावही काढलं नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतोय. पुण्यात गेले दोन महिने जो भेटेल तो 'काय मग, पुढे काय?' एवढंच विचारत होता. पुढे काय ते माहीत असतं तर इंजिनियरिंगचं तिसरं वर्ष अर्धवट टाकून, एचओडीच्या टेबलावर आयकार्ड आपटून बाहेर आलो असतो का? आलो असतो म्हणा. माणूसच तसला होता तो.

श्रीनिवासमामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. इथल्या एका बँकेत आयटी मॅनेजर आहे. पासिर रिसला वरच्या मजल्यावर फ्लॅट, खिडकीतून दोन इमारतींच्या मधून समुद्र दिसतो. मामा त्याला सी व्ह्यू म्हणतो, शुभदामामी म्हणते, नाडीएवढा समुद्र आहे, त्याचं काय कौतुक. तिने मटकीची उसळ केली होती. मी सहा पोळ्या खाल्ल्या. आईने फोनवर सांगितलं, महिन्याभराचा व्हिजिट पास आहे, महिनाभर तरी डोकं शांत ठेव. मामाने सांगितलं, उद्या फाटके कपडे घाल, तुला एक विमान दाखवतो.

मस्त वाटतंय. खरंच.

३ जुलै, रविवार

सेलेतारच्या छोट्या विमानतळावर एका भाड्याच्या हँगरमध्ये मामा आणि त्याचे हौशी दोस्त गेली काही वर्षं शनिवार-रविवार एक जुनं लष्करी विमान दुरुस्त करतायत. नुसतं रंगवून ठेवायला नाही, उडवायला. हार्वर्ड म्हणतात त्याला. पिवळंधम्मक, एका इंजिनाचं, वैमानिकांना शिकवायचं विमान. एकामागे एक अशा दोन सीट, दोघांसमोर एकेक काठी, तिला सगळे स्टिकच म्हणतात. दोन्ही स्टिक खालून जोडलेल्या. एक हलवली की दुसरी हलते, आणि तारांच्या ओढीने पंखांच्या कडेच्या फळ्या वरखाली होतात.

सगळ्यांचा म्होरक्या केल्विन ओंग. लष्करातून निवृत्त झालेला इंजिनियर, सगळे त्याला ओंग अंकल म्हणतात आणि टरकून असतात. त्याने मला आल्या आल्या पंख्याखालून उठवलं आणि रॉकेलच्या डब्यात बोल्ट धुवायला बसवलं. मी तोंड उघडणार होतो, पण तेवढ्यात पंखावर कोणीतरी हसलं.

गार्गी. पंखावर बसली होती, पाय खाली सोडून, नाकावर ग्रीस. ठाण्यात जन्म, तिसऱ्या वर्षापासून सिंगापूर, वडील बँकर, ईस्ट कोस्टला कॉन्डो. मराठी घरचं, पण वाक्याच्या शेवटी इथला 'लाह' येतोच. मला म्हणाली, "अंकल सगळ्यांना पहिल्या दिवशी बोल्ट धुवायला लावतो लाह. मी रडले होते. तू रडणार का?"

मी संध्याकाळपर्यंत बोल्ट धुतले. कॉलेजात एवढा अभ्यास केला असता तर पहिला आलो असतो.

६ जुलै, बुधवार

हरी रायाची, म्हणजे ईदची सुट्टी, त्यामुळे सगळे हँगरवर. या महिन्याच्या तीस तारखेला विमान पहिल्यांदा उडणार. पुढच्या सीटवर बाहेरून बोलावलेला अनुभवी पायलट, मागे गार्गी. तिच्याकडे पायलटचं लायसन्स आहे. ऑगस्टमध्ये ती नोकरीसाठी मेलबर्नला चाललीय, कायमची. म्हणजे विमानासाठी तीस तारीख हुकली की तिच्यासाठी हुकली. आणि माझ्यासाठी तर सगळंच. मेलबर्न कळल्यावर मी उठून पुन्हा बोल्ट धुवायला बसलो.

मग तिनेच मला ओढून नेलं आणि दोन प्लास्टिकच्या खुर्च्या एकामागे एक मांडून, हातात झाडूचे दांडे देऊन विमान शिकवलं. दोन वैमानिक असले की स्टिक नेमकी कोणाकडे आहे हे बोलून सांगायचं. देणारा म्हणतो 'यू हॅव कंट्रोल', घेणारा हात ठेवून म्हणतो 'आय हॅव कंट्रोल', मग देणाऱ्याने सोडायचं. समोरच्याने म्हटल्याशिवाय सोडायचं नाही, आणि तुम्ही सोडायला तयार नसाल तर कोणी घेऊ शकत नाही. मी तिला दोनदा कंट्रोल दिलं आणि एकदाही परत मागितलं नाही. ती म्हणाली, तुला काही कळलेलं नाही.

एक कटकट मात्र आहे. स्टिक डावीकडे नेली की कधीकधी परत येत नाही. अडकल्यासारखी नाही, कोणी धरून ठेवल्यासारखी. तारा बदलल्या, त्यांच्या कप्प्या बदलल्या, तरी तेच. ओंग अंकल म्हणतो घर्षण. गार्गीने जेवताना दुसरं सांगितलं. हे विमान पूर्वी एका दलदलीत पडलं होतं. मागच्या सीटवर शिकाऊ पोरगा होता, त्याच्यावर कापडी बुरखा ओढलेला. बाहेरचं काही न बघता, नुसत्या काट्यांवर विमान चालवायला तसं शिकवत. पुढच्या सीटवर मास्तर. मास्तरने पोराला कंट्रोल दिलं आणि बसल्या जागी त्याचं हृदय बंद पडलं. पोराला काय कळणार? तो बुरख्याखाली विमान सरळ धरून बसला, मास्तर परत कधी घेतो याची वाट बघत. पेट्रोल संपेपर्यंत. नंतर त्याची बोटं स्टिकवरून सुटेनात, कापून काढावी लागली.

हे तिने लक्साच्या शेवया ओरपत सांगितलं. मी म्हटलं, थापा. ती म्हणाली, असेल.

१० जुलै, रविवार

आज मी हिरो आहे. नीट लिहितो.

सकाळी तपासणीत स्टिक पुन्हा डावीकडे धरून राहिली. ओंग अंकलने हातातलं फडकं टाकलं आणि जाहीर केलं की तीस तारीख विसरा, सगळ्या तारा पुन्हा काढायच्या. गार्गी डोळे पुसत बाहेर गेली. तिची पाठ बघून माझं डोकं फिरलं. मामा थांब थांब म्हणेपर्यंत मी मागच्या कॉकपिटमध्ये चढून बसलो. स्टिक धरली. आणि —

मूठ होती तिच्यावर. दिसत काही नव्हतं. पण माझ्या तळव्याखाली, स्टिक आणि माझा हात यांच्या मधे, बोटं होती. बारीक. घामेजलेली. आवळलेली.

शहाणा माणूस खाली उतरला असता. मला राग आला. असा राग की कानात रक्त. तुझ्यामुळे ती रडतेय, हे मनात. मी तोंडाने ओरडलो, "आय हॅव कंट्रोल!"

ती बोटं सुटली. अशी सुटली, की जणू त्यांना एवढंच हवं होतं. स्टिक लोण्यासारखी फिरली, डावी, उजवी. खाली टाळ्या. ओंग अंकलने स्वतः पुन्हापुन्हा तपासलं आणि म्हणाला, घर्षण गेलं. मामाने मला मिठी मारली. गार्गीने कोपी, म्हणजे इथली कॉफी, पाजली, नारळाच्या जॅमचा काया टोस्ट खाऊ घातला आणि विचारलं, वर जाऊन काय केलंस? मी म्हटलं, दम दिला.

तळवा अजून ओला वाटतोय. दोनदा धुतला.

१३ जुलै, बुधवार

गंमत झाली. दुपारी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, परत येत होतो. पासिर रिस शेवटचं स्टेशन, डबा रिकामा झाला, आणि माझा हात दांडा सोडेना. दुखत नव्हतं. बोटं उघडायचीच नाहीत. साफसफाईवाल्या आंटीने विचारलं, उतरणार नाही का? मी हसलो. गाडी उलट फिरली आणि मला घेऊन टांपिनीसला गेली, तिथून पुढे सिमेई. तिथे एका म्हाताऱ्याला आधार हवा होता, त्याने माझ्या हाताला लागून दांडा धरला, आणि माझी बोटं आपोआप उघडली.

रॉकेलने शिरा आखडल्या असतील. मामीने तेल चोळून दिलं.

१६ जुलै, शनिवार

हे लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

संध्याकाळी गार्गीबरोबर ईस्ट कोस्टला सायकली चालवल्या. समुद्रावर जहाजांची रांग, वारा, सातेच्या भाजक्या मांसाचा वास. बाकावर बसलो आणि मी तिचा हात धरला. तिने धरू दिला. एवढं मला आयुष्यात पुरेल असं वाटलं.

मग ती उठायला लागली आणि माझा हात सुटेना.

ती आधी हसली. मग म्हणाली, पुरे. मग म्हणाली, अनीश, दुखतंय. मी दुसऱ्या हाताने स्वतःची बोटं ओढत होतो. आणि मनात काय येत होतं सांगू? सोडलं तर पडेल. काय पडेल माहीत नाही. पण सोडलं तर सगळं खाली जाईल, सगळं माझ्या भरवशावर आहे, कोणीतरी येऊन घ्यायला हवं.

ती ओढायची थांबली तेव्हा सुटलं. तिच्या मनगटावर वळ उठले होते. तिने ते बघितले, मग माझा हात बघितला, मग पुन्हा वळ. वळ माझ्या बोटांपेक्षा बारीक होते.

ती एकटीच गेली.

१७ जुलै, रविवार

गार्गी हँगरवर होती, पण पंखाच्या पलीकडच्या बाजूला. मामाने बाहेर नेऊन विचारलं, काय केलंस त्या मुलीला? मी सगळं सांगितलं. पहिल्यापासून. मामाने शांतपणे ऐकलं आणि म्हणाला, पुण्यात आयकार्ड आपटलंस, इथे भूत काढलंस, पण स्वतःची चूक आहे असं एकदा तरी म्हण.

मी पुन्हा सांगणार नाही कोणाला. गरज नाही.

दुपारी झाडू मारताना हात एका बाजूला ओढला गेला. कोणीतरी ओरडलं, पंखाची फळी कोणी हलवली? कॉकपिटमध्ये कोणी नव्हतं. वाऱ्याने, म्हणाले.

२१ जुलै, गुरुवार

डॉक्टर. स्नायूंचे पेटके म्हणे. गोळ्या. मामीने सकाळी हातातला चमचा सोडवला, तेव्हा ती घाबरली. दाखवलं नाही तिने, पण मला कळलं. तिच्या जागी आई असती तर ओरडली असती. मामी नुसती गरम पाण्याचं घमेलं घेऊन बसली.

आता ते धरून ठेवणं दिवसभर असतं. तो पोरगा वाईट नव्हता. त्याने कोणाला मारलं नाही. त्याने धरून ठेवलं फक्त, आणि कोणी घेतलं नाही. मी घेतलं. माझ्याच तोंडाने घेतलं.

परत विमानात ठेवून येऊ शकतो. मागे बसायचं, 'यू हॅव कंट्रोल' म्हणायचं. तो तिथेच असेल. पण तपासणी तर झालीय, विमान पास झालंय, आणि तीस तारखेला त्या सीटवर ती बसणार. वर गेल्यावर त्याने धरलं तर?

नाही. माझ्याकडेच राहू दे. बघू कोण दमतं.

२६ जुलै, मंगळवार

गार्गी घरी आली. मामीने चहा दिला आणि आत गेली.

गार्गीने मनगट पुढे केलं. वळ हिरवे पडलेत. म्हणाली, ही बोटं तुझी नाहीत. तू त्या दिवशी वर काय बोललास? मी सांगितलं. तिने थट्टा केली नाही. तिने माझ्या मुठीवर हात ठेवला, आणि मला कळलं ती काय करणार आहे.

"मला दे."

"नाही."

"मी पायलट आहे. मला सोडता येतं. तुला नाही."

"गार्गी, हात काढ."

"तुझा इगो लाह, अनीश."

"आहे. तरी नाही देणार."

खूप भांडलो. मी म्हटलं, उडू नकोस. ती म्हणाली, चार वर्षं घातलीत त्यात, आणि तू म्हणतोस ते खरं असेल तर ते विमानात नाहीच आहे आता, तुझ्या हातात आहे. तू धरून ठेव. तू धरलंस की मी वर सुखरूप. यात न कळण्यासारखं काय आहे?

जाताना तिने माझ्या मुठीला, म्हणजे मुठीलाच, ओठ लावले.

धरतो. आयुष्यभर धरतो. बापाची शपथ.

२८ जुलै, गुरुवार

डावा हातही. सकाळी दाराची कडी. मामा ऑफिसला न जाता घरी.

तहान त्याची. अंधार त्याचा — डोळे उघडे असून कापडाचा वास येतो, गरम, ओल्या कापडाचा.

कोणी घेत का नाही, हे सतत. मी त्याला सांगतो, मी आहे ना. तू सोडलंस. जा आता.

जात नाही.

२९ जुलै, शुक्रवार

पेन हातात बसलंय. काढू दिलं नाही मामीला. पेन बरं. पेनाने कोणाला लागत नाही.

सोडणार नाही. ऐकतोयस ना? उद्या संध्याकाळपर्यंत तरी — मग काय करायचं ते कर माझं.

३० जुलै, शनिवार

कुंपणापाशी. मामा शेजारी, त्याच्याकडे रेडिओ. मामीने वहीला पुठ्ठा लावून दिलाय, मांडीवर. कागदाशिवाय हात ओढ घेतो. लिहीत राहिलं की थांबतो.

गार्गी चढताना हात हलवला. मी हलवू शकत नाही. मान हलवली.

उडालं.

पिवळं, उन्हात. मामा रडतोय. ओंग अंकल टोपी काढून उभा आहे. मी धरून आहे —

हात डावीकडे ओढला गेला. रेघ गेली. विमान डावीकडे कललं.

वाऱ्याने.

उजवीकडे रेघ ओढली. मुद्दाम. तेही उजवीकडे.

वारा नाही.

रेडिओवर पुढचा पायलट — स्टिक ऐकत नाही म्हणतोय. पुन्हा पुन्हा. ओंग अंकल पळत गेला —

समजलं. मूर्ख मी. कंट्रोल माझ्याकडे आहे म्हणजे माझ्याकडेच आहे. मी इथे, ती वर.

सरळ. ओळ सरळ लिहायची. अक्षरं लहान. झटका नको. ओळ संपली की हात मागे — हळू — वळतंय — वळू दे. आता सरळ.

मामा म्हणतो सोड ते पेन. मामा हात लावू नकोस. लावू नकोस म्हटलं ना.

ढगात गेलं.

दिसत नाही. काही दिसत नाही. कापडाचा वास. त्याला तरी काय दिसत होतं. तरी त्याने सरळ धरलं. पोरगा होता. तरी.

रेडिओवर गार्गी. मराठीत. माझं नाव. "अनीश, तुझ्या हातात आहे ना? माझा हात स्टिकवर आहे. मी म्हणते, तू सोड."

मामा सांग तिला नाही. सांग नाही म्हणतो. घेतलंस तर तुझी बोटं — नाही. तू डोळे हो. तू सांग कुठे, मी नेतो.

रडू नकोस म्हणावं. सांग.

सांगतेय.

डावीकडे. थोडं. पुरे. सरळ.

खाली. हळू हळू खाली. अक्षर खाली उतरू दे. ओळीबाहेर गेलं तरी चालेल म्हणते.

रनवे दिसतोय तिला. मला नाही. चालेल. तिला दिसतोय ना

उजवीकडे बोटभर. बास. तो ओढतोय. दोन्ही हात त्याचे. मी पण ओढतो. माझ्याकडे आहे. आय हॅव — माझ्याकडे आहे, तुझ्याकडे नाही, बस गप्प

नाक वर म्हणते. जरा वर. असंच. असंच धर म्हणते अनीश असंच

धरलंय गार्गी सरळ धरलंय सोडत नाही मी धर